कर्णधार मुंबईला गेला

गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना २०२० च्या पावसाळ्याअखेरच्या दिवसांची आठवण करून देऊ नये. महामारीने घरात कोंडलेले ते दिवस, आणि त्यात एकामागून एक बातम्या येत गेल्या. आधी कर्णधार मंदार राव देसाई मुंबई सिटीकडे गेला. मग मधल्या फळीचा कणा असलेला मोरोक्कोचा अहमद जाहू, सेनेगलचा उंचापुरा बचावपटू मुर्तदा फॉल, आणि आदल्या हंगामात स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ह्यूगो बुमूस. बुमूसचा तर करार अजून चालू होता. त्याला मोकळे करण्यासाठी मुंबईने करारात ठरलेली रक्कम मोजली. त्याच मुंबईने प्रशिक्षक म्हणून नेमले सर्जिओ लोबेरा यांना, म्हणजे ज्यांनी हा संघ गोव्यात घडवला त्यांनाच. पुढे जे झाले ते एखाद्या दुष्ट नाटककाराने लिहावे तसे. त्या वर्षी विषाणूच्या भीतीने इंडियन सुपर लीगचा अख्खा हंगाम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाला. ५ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला उपांत्य फेरीचा पहिला सामना गोवा आणि मुंबई यांच्यात २-२ असा सुटला. मुंबईचे दोन्ही गोल बुमूस आणि फॉल यांचे. तीन दिवसांनी बांबोळीला दुसरा सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टींवर मुंबई ६-५ ने जिंकली. निर्णायक पेनल्टी मारणारा रोलिन बोर्जेस, तोही गोव्याचाच. अंतिम सामना मुंबईने फातोर्ड्यालाच जिंकला.

अशा वेळी चाहत्याच्या तोंडी जो शब्द येतो तो छापण्याजोगा नसतो, पण त्याचा सौम्य अर्थ एकच असतो: पैशासाठी विकला गेला. हा आरोप तपासून पाहायला गोव्याइतके चांगले प्रकरण नाही. २०१९-२० च्या हंगामात लोबेरांचा गोवा संघ साखळीत अव्वल राहण्याच्या झगड्यात होता. साखळीचे फक्त तीन सामने उरले असताना व्यवस्थापनाने त्यांना दूर केले. क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाती सूत्रे आली आणि तिन्ही सामने संघाने दणक्यात जिंकले. त्यातला एक मुंबईविरुद्ध, ५-२ असा. गोवा साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. तेव्हा व्यवस्थापनाला वाटले असणार की प्रशिक्षकावाचून आपले काही अडत नाही. तिथेच गणित चुकले. तो संघ लोबेरांच्या पद्धतीने खेळायला शिकलेला, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा. त्यांना काढल्यावर त्या खेळाडूंना गोव्यात बांधून ठेवणारे काय उरले, हा प्रश्न त्या विजयाच्या गडबडीत कुणी विचारला नाही.

आणि पुढची वर्षे पाहा. लोबेरा मुंबईत एक हंगाम राहिले. २०२३ मध्ये ते ओडिशाला गेले, तर जाहू आणि फॉल त्याच वर्षी ओडिशाला; बुमूस मधे कोलकात्याच्या मोहन बागानकडून खेळून २०२४ मध्ये ओडिशालाच. ज्यांना बेईमान म्हटले गेले त्यांची निष्ठा अशी तीन शहरे टिकून राहिली. फक्त ती क्लबच्या बिल्ल्यावर नव्हती, एका माणसावर होती. आपल्याकडे एखादा नामांकित शिक्षक शाळा सोडून गेला की त्याच्यामागे चार विद्यार्थी जातात. तेव्हा त्या विद्यार्थ्यांना कुणी फितूर म्हणत नाही. शिक्षकाला का जाऊ दिले, असे संस्थाचालकांना विचारतात. पैसा होताच, नाही असे नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईच्या क्लबमधला ६५ टक्के हिस्सा घेतला होता, आणि त्या तिजोरीपुढे गोव्याचे काही चालणार नव्हते. पण तिजोरी तर इतर संघांपुढेही उघडी होती. मुंबईने गोवाच उचलला, कारण गोव्याने आपल्या संघाचा आधार स्वतःच काढून घेतला होता.

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की परदेशी खेळाडूंचे सोडा, मंदारचे काय? तो म्हापशाचा, धेंपो क्लबच्या मुशीतून आलेला. एफसी गोवा २०१४ साली उभा राहिला त्या पहिल्या हंगामापासून तो तिथे. लोबेरांनी त्याला विंगवरून मागे आणून डाव्या बगलेचा बचावपटू केला, दंडावर कर्णधाराची पट्टी बांधली, आणि २०१९ मध्ये गोव्याने सुपर कप जिंकला. ‘आमचो’ म्हणावा असा तो खेळाडू. त्याच्या जाण्याने जे दुखले ते बुमूसच्या जाण्याने दुखत नाही. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तरीही तो मंदारला लागू पडत नाही. मंदार तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. सतत वरखाली धावणाऱ्या बचावपटूची कमाईची वर्षे मोजकीच असतात. तिशी ओलांडली की पाय बोलू लागतात. शिवाय गोव्यात दुसरा पर्याय तरी कोणता होता? एकेकाळी राष्ट्रीय स्पर्धा पाच वेळा जिंकणारा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे २०१६ मध्ये आय लीगमधून बाहेर पडले. ज्या राज्यात एका खेळाडूला एकाच गल्लीतल्या चार संघांची निवड होती, तिथे वरच्या पातळीवर जवळजवळ एकच दार उरले. ते दार सोडायचे ठरले की माणूस प्रतिस्पर्ध्याकडेच जाणार, कारण त्या लीगमध्ये प्रत्येक संघ प्रतिस्पर्धीच असतो. गावातले पर्याय आटू दिले कुणी? खेळाडूंनी नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोक बोलू लागतील. फुटबॉल हा धंदा आहे, १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपला की खेळाडू मोकळा, चाहता म्हणजे तिकीट काढणारे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने दुकान आवडले नाही तर दुसरे बघावे. हे ऐकायला व्यवहारी वाटते, पण खोटे आहे. कारण धंदा करणारेच चाहत्याला गिऱ्हाईक म्हणून बोलावत नाहीत. ‘फोर्सा गोवा’ अशी आरोळी ठोकतात ती मातीच्या नावाने. पोस्टरवर गावचा पोरगा उभा करतात. हंगामाच्या सुरुवातीला ‘आपला संघ’ म्हणतात. जो विकत घेतो त्याला खुर्ची मिळते, पण विकले जाते ते आपलेपण. मग हंगाम संपल्यावर तोच क्लब हिशेबाच्या वहीतून बोलू लागला तर चाहत्याला फसवल्यासारखे वाटणे यात भाबडेपणा कुठला? करारावर खेळाडूची सही असते, क्लबची असते, मध्यस्थ दलालाचे कमिशनही ठरलेले असते. सही नसते ती फक्त त्याची, ज्याच्या भावनेवर हा सगळा डोलारा उभा आहे. म्हणून चाहत्याचा हृदयभंग मला हास्यास्पद वाटत नाही. उलट या सगळ्या व्यवहारातली तीच एक निर्मळ नोंद वाटते. एवढेच की ती चुकीच्या माणसाच्या नावावर टाकली जाते.

हे दुःख काही लीगने आणलेले नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बेंगाल यांच्यात ‘दलबदल’ हा एक स्वतंत्र ऋतूच असे. करारावर सही होईपर्यंत पदाधिकारी खेळाडूंना लपवून ठेवत, पळवून नेत. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल ही नावे तालमी आणि पेठांची आहेत, आणि शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ उतरते. तिथे एका तालमीचा पोरगा दुसरीकडून खेळला तर तो रोज ज्या रस्त्याने घरी जातो त्याच रस्त्यावर जाब विचारणारे उभे असतात. तरी त्या जाचात एक न्याय आहे: तालीम पेठेची असते, पदाधिकारी ओळखीचे असतात, खेळाडू का गेला हे कट्ट्यावर बसून त्यांना विचारता येते. लीगच्या क्लबांनी पेठेची भाषा उचलली, पेठेची जबाबदारी मात्र उचलली नाही.

नाशिकहून हे लिहिणे सोपे आहे, असाही एक टोला बसू शकतो. आपल्या शहराचा या लीगमध्ये संघ नाही; दूरचित्रवाणीवर फुटबॉल पाहणारा इथला प्रेक्षक बहुधा मुंबईच्या बाजूचा; जिंकलेल्यांनी हरलेल्यांना समजूतदारपणा शिकवावा, हे बरे नव्हे. कबूल. पण क्रिकेटमध्ये आपण दुसऱ्या बाजूला बसतो. सत्यजित बच्छावसारखा नाशिकचा खेळाडू रणजी खेळतो तो महाराष्ट्राकडून, आणि मुंबई हा आपला प्रतिस्पर्धी. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. ऑक्टोबरात गहुंजे इथल्या सराव सामन्यात त्याने मुंबईविरुद्धच १८१ धावा केल्या आणि बाद होऊन परतताना जुन्या सहकाऱ्यांशी त्याची बाचाबाची झाली. आपल्याकडे कुणाला त्यात गद्दारी दिसली नाही. नवी सुरुवात दिसली. त्याच वर्षी यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडे जाण्याची परवानगी मागितली आणि महिनाभरात तो विचार मागे घेतला. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे गेला आणि पहिल्याच रणजी सामन्यात त्याने शतक केले, तेव्हा गोव्यात टाळ्याच वाजल्या. म्हणजे येणारा नेहमी संधी शोधणारा गुणी, आणि जाणारा नेहमी पैशाला भुललेला. एकच कृती दारातून आत येताना सद्गुण आणि बाहेर जाताना पाप ठरत असेल, तर आपला निवाडा त्या कृतीविषयी नसून आपल्या रिकाम्या झालेल्या जागेविषयी असतो. रिकाम्या जागेचे दुःख करावे. त्याला नीतीचा साज चढवू नये.

या प्रकरणात सगळ्यांत कमी बोलले गेलेले नाव मालकांचे. मंदार मुंबईत तीन हंगाम राहिला. लोबेरा गेले, जाहू गेला, फॉल गेला. आणि २०२५ च्या डिसेंबरात, भारतीय लीगचे भवितव्य टांगणीला लागले असताना, सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबईतला आपला हिस्सा मूळ मालकांकडे सोपवून काढता पाय घेतला. जगभर क्लब बाळगून असलेल्या त्या समूहाच्या नावाने कुठे पुतळे जळल्याचे ऐकिवात नाही. खेळाडू गेला की विश्वासघात आणि मालक गेला की व्यावसायिक निर्णय, हा फरक चाहत्यांनीच पोसला आहे. खेळाडू चेहऱ्याने ओळखू येतो, गोल मारतो, समोर उभा असतो; भागधारकाला शिट्टी मारायला तो मैदानात नसतो. राग जवळच्या माणसावर निघतो तो असा.

मग करायचे काय? जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे बहुमत असावे असा नियम आहे, तुरळक अपवाद वगळता. बार्सिलोनाचे सभासदही अध्यक्ष निवडून देतात. लगेच उत्तर मिळेल की सभासदांची मते असूनही लुईस फिगो २००० साली बार्सिलोनातून थेट रियाल माद्रिदला गेलाच, आणि दोन वर्षांनी तो तिथे कॉर्नर घ्यायला आला तेव्हा डुकराचे मुंडके मैदानात येऊन पडले. खरे आहे. मताने बदल्या थांबत नाहीत, थांबूही नयेत. पण मत असले की प्रश्न विचारायला एक पत्ता असतो. आपल्याकडे मालकीत वाटा मिळणे दूरचे आहे. प्रशिक्षक का काढला, स्थानिक खेळाडूच्या कराराची बोलणी कधी सुरू केली आणि कुठे अडली, एवढे हंगामाच्या शेवटी चाहत्यांसमोर बसून सांगायला मात्र एक रुपया लागत नाही. गोव्यात त्याची गरज एकदाच पडली असेही नाही. ज्या चॅम्पियन्स लीगची जागा जाहू, बुमूस, फॉल आणि मंदार यांनी कमावली, तिचे गोव्याच्या गटातले सामने २०२१ च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्यालाच झाले तेव्हा त्यांतला एकही गोव्याकडून नव्हता. त्याच वर्षी सर्वाधिक गोल करणारा इगोर अँगुलो मुंबईला गेला. २०२४ मध्ये कर्णधार ब्रँडन फर्नांडिस, पुन्हा अस्सल गोमंतकीय, पुन्हा मुंबईलाच. उलट दिशेने २०२३ मध्ये आला तो रोलिन बोर्जेस, ज्याच्या पेनल्टीने गोवा बाहेर पडला होता, आणि त्याने नारिंगी शर्ट घातला तेव्हा कुणी हिशेब काढला नाही. पहिला कर्णधार गेला तेव्हा क्लबला अपघात म्हणता आले. चार वर्षांत दुसरा त्याच वाटेने गेल्यावर मंदारला आणि ब्रँडनला शिव्या देण्यात संध्याकाळ घालवणाऱ्यांनी एक साधी चौकशी करायला हवी होती: सध्याच्या संघातल्या कोणत्या गोमंतकीय खेळाडूचा करार पुढच्या मे महिन्यात संपतो आहे, आणि त्याच्याशी अजून कुणी बोलले आहे का?