नळीचा सूर

दिवाळीत बार उडवण्याला कोणी हरकत घेत नाही, म्हणून यंदा या सदरात बंदुकीची गोष्ट सांगावी म्हणतो. गोष्ट अमेरिकेतली आहे. तिकडे ‘बेंचरेस्ट’ नावाचा नेमबाजीचा एक प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तो चांगला नावारूपाला आला. नेमबाज म्हटला की ऐटीत उभा राहून, एक डोळा मिटून चाप ओढणारा वीर आपल्यापुढे येतो. हा वीर मात्र स्टुलावर बसतो. पुढे भक्कम टेबल, टेबलावर वाळूच्या पिशव्या आणि पिशव्यांवर रायफल. त्याने तिला हात लावायचा तो जेमतेम. हात थरथरला, श्वास चुकला, या सबबींना जागाच नाही. उरतात बंदूक, काडतूस आणि वारा. एका खुणेवर पाच गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजायचे. शंभर यार्डांवर पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसाव्यात, हा या मंडळींचा ध्यास.

आता एवढे सगळे स्थिर केल्यावर हलायचे काय राहिले? राहिली ती नळी! चाप ओढला की पोलादी नळीही छडीसारखी थरथरते. इंग्रज शास्त्रज्ञ मॅलॉक यांनी १९०१ साली रॉयल सोसायटीपुढे या कंपनांवर निबंध मांडला होता. गोळी बाहेर पडायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश लागतात. पण तेवढ्यात नळीचे तोंड किंचित वर-खाली होते आणि सुटण्याच्या क्षणी ते जिकडे असेल तिकडे गोळी जाते.

पॉइंट टू-टू जातीच्या छोट्या काडतुसांत हा प्रश्न फार नडतो. मोठ्या रायफलीचा बेंचरेस्टवाला आपली काडतुसे आपणच भरतो. दारू चिमूटभर कमी-जास्त करून बंदुकीला रुचेल असा घास तयार करतो. पॉइंट टू-टूची काडतुसे कारखान्यातून येतील तशीच घ्यावी लागतात, आणि प्रत्येकीचा वेग थोडा वेगळा. समजा, एक गोळी सेकंदाला १०७० फुटांनी सुटली आणि दुसरी १०५० फुटांनी. पन्नास यार्डांवर जाईपर्यंत दुसरी पहिलीपेक्षा सुमारे चार मिलिमीटर खाली उतरते. ‘चार मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे!’ असे वाचक म्हणतील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले, ते याच जातीच्या काडतुसांवर. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरांचे असते. आता ठरवा, चार मिलिमीटर किती ते.

यावर तोडगा म्हणजे ‘ट्यूनर’. नळीच्या तोंडाशी बसवलेले, आट्यांवर फिरणारे एक वजन. त्यावर बारीक खुणा कोरलेल्या असतात. खुणेखुणेने फिरवले की वजन केसभर पुढे-मागे सरकते आणि नळीच्या थरथरीची लय बदलते. हेतू असा की, गोळी सुटतेवेळी नळीचे तोंड वर चढत असावे. म्हणजे वेगवान गोळी आधी, जरा खालच्या रोखाने सुटेल. मंद गोळी मागाहून, जरा वरच्या रोखाने. आणि दोघी एकाच जागी पोहोचतील. १९९० च्या दशकात ब्राउनिंग कंपनीने असे साधन शिकारी रायफलींवरही आणले.

ह्यूस्टनला स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी या नादी लागला आहे. त्याने विचारले, “सर, ट्यूनरला मराठीत काय म्हणायचं?” मी म्हटले, “तंबोऱ्याचा मणी म्हण.” खुंटी पिळून तार सुराजवळ आणायची आणि शेवटची केसभर उणीव घोडीखालचा मणी सरकवून भरून काढायची, हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. शब्द त्याला आवडला.

पण ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. तंबोरा जुळला की नाही, हे कान तत्क्षणी सांगतो. नळीचा सूर ऐकायला कान नाही. कागदावरची भोके तेवढी आहेत. आणि भोके फसवतात. बंदुकीला काहीही न करता पाच-पाच गोळ्यांचे दहा पुंजके काढा. सर्वांत लहान पुंजका सर्वांत मोठ्याच्या निम्म्याने भरला तरी नवल नाही. मग ट्यूनरच्या दहा खुणांवर एकेक पुंजका काढला, तर त्यांतला एक सर्वांत लहान निघणारच. मग ट्यूनरच्या जागी नुसता शिशाचा गोळा का असेना! नेमबाज मात्र त्या खुणेवर शाईचा ठिपका देतो आणि ‘सूर सापडला’ म्हणून घरी जातो.

तेव्हा ट्यूनर हे थोतांड आहे काय? तसे मला वाटत नाही. पॉइंट टू-टूच्या बेंचरेस्टमधले बहुतेक मुरब्बी नेमबाज तो वापरतात आणि त्यामागचे गणित खोटे नाही. मोठ्या रायफलींवर तो किती उपयोगी, याबद्दल मात्र तिकडे अजून वाद घालतात. माझे म्हणणे इतकेच, की साधन खरे असले तरी आपल्याला मिळालेला पुरावा खरा असतोच असे नाही. विद्यार्थ्याला मी सुचवले, की मित्राला खूण लावायला सांग, तू ती पाहू नकोस. कधी ठिपक्याची, कधी दुसरी, असे आलटून पालटून वीस-पंचवीस पुंजके काढ आणि मग चिठ्ठी उघड. काडतुसे बरीच खर्ची पडतील, आणि कदाचित आवडता ठिपकाही पुसावा लागेल. त्याला तो ठिपका पुसण्याचेच भय जास्त आहे, असे त्याच्या उत्तरावरून दिसते!

त्याला हसण्याचा अधिकार आम्हा मास्तरांना नाही. एखाद्या वर्षी वर्गाचा निकाल चढला की नव्या पद्धतीचा सत्कार होतो. पुढल्या वर्षी उतरला की मुलेच ढ निघतात. एका काढ्याने एकदा ताप उतरला, की तो काढा घराण्यात वंशपरंपरा चालतो. पहिल्या यशालाच आपण शाईचा ठिपका देऊन बसतो. बेंचरेस्टवाल्यांपुढे निदान कागद तरी असतो आणि त्यावरची भोके कोणालाही पुन्हा मोजता येतात. आपण आपली भोके मोजून पाहत नाही.