शंभर प्रतींची मालकी

कृत्रिम टंचाई वर्गात शिकवताना आम्ही साखर आणि गोडेतेल यांची उदाहरणे देत असू. आज तोच पाठ द्यावयाचा झाला, तर प्रस्तुत लेखक अमेरिकन लोकगायक बॉब डिलन याच्या आरंभीच्या गाण्यांचे उदाहरण देईल.

नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कला अवघ्या दोन दिवसांत डिलनची पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली. मार्च १९६२ मध्ये कोलंबिया कंपनीने ती बाजारात आणली. तेव्हापासून तीच गाणी तबकडी, कॅसेट, सीडी, २०१० चा मोनो संच, २०१३ चा समग्र संच अशा रूपांत पुनःपुन्हा विकली गेली. वेष्टन नवे, किंमत नवी, माल जुनाच! मात्र त्याच काळात कॉफीगृहांत आणि मित्रांच्या घरी त्याने गायिलेली गाणी कोठारांत आणि खासगी टेपांवर पडून राहिली. त्यांतील काही लोकांपर्यंत आणली ती १९६९ च्या एका चोरट्या तबकडीने. कंपनीने स्वतःची अप्रकाशित गाण्यांची मालिका सुरू केली ती १९९१ मध्ये.

२०११ मध्ये युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ५० वरून ७० वर्षे केली. अट एवढीच, की ध्वनिमुद्रण पहिल्या ५० वर्षांत प्रकाशित झालेले असावे. १९६२ च्या अप्रकाशित गाण्यांवरील हक्क २०१२ अखेर संपणार होता. तेव्हा वर्ष सरता सरता युरोपात चार सीडींचा एक संच निघाला. त्याच्या सुमारे १०० प्रती काढल्या गेल्या, आणि त्याच्या नावातच ‘स्वामित्वहक्क-मुदतवाढ संग्रह’ असे शब्द होते. एवढा प्रामाणिकपणा भांडवलदार वर्ग क्वचितच दाखवतो. हे प्रकाशन श्रोत्यांसाठी नव्हते. ते सार्वजनिक कुरणाला घातलेले कुंपण होते. जमीन पडीक ठेवून सातबाऱ्यावरील नाव तेवढे राखणारा जमीनदार आपल्या चांगला परिचयाचा आहे.

मुदतवाढ वृद्ध वादकांच्या हितासाठी आहे, असे सांगण्यात आले. वाढीव काळातील उत्पन्नाचा २० टक्के भाग साथीदार वादकांसाठी ठेवण्याची तरतूद तीत आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु जो माल विकायचाच नाही, त्याच्या उत्पन्नातील २० टक्के म्हणजे किती? कलावंताच्या पोटाचा प्रश्नही येथे नाही. डिलनने २०२० मध्ये गीतांचे हक्क युनिव्हर्सलला आणि २०२१ मध्ये ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनीला विकून टाकले.

दुसरा मार्ग अशक्य आहे काय? मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये स्थापलेल्या फोकवेज संस्थेचा दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिकांचा संग्रह १९८७ मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. प्रत्येक ध्वनिमुद्रिका, खप असो वा नसो, कायम उपलब्ध राहिली पाहिजे, या अटीवर तो दिला गेला. नफा हा निकष नसेल तर संग्रह जिवंत राहतो, याचा हा पुरावा भांडवलशाहीच्या माहेरघरातलाच आहे.

आपण काय केले? आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९५६ ते १९६० या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळात प्रकाशित झालेल्या तबकड्यांवरील कंपन्यांचा हक्क संपला आहे. शब्दांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले. तेव्हा त्यांच्या रचनांवरील वारसांचा हक्क राखून व त्यांच्या संमतीनेच पुढे गेले पाहिजे. परंतु कायद्याने मोकळे केलेले गाणे माळ्यावर बुरशी खात असेल, तर ते मोकळे होऊन उपयोग काय?

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील जुन्या तबकड्या आणि टेपा शोधून त्यांची यादी करावी. त्या जपण्यासाठी आणि सर्वांना विनामूल्य ऐकता येण्यासाठी राज्याने सार्वजनिक ध्वनिसंग्रहालय चालवावे, ही मागणी आपल्या मागणीपत्रकात आली पाहिजे. लोकांच्या लढ्यातून जन्मलेले गाणे लोकांना ऐकता येत नसेल, तर त्याचा दोष सोनीवर ढकलता येणार नाही.