चाचणीची तारीख बदलणं हा उपकार नाही

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचं ठरलेलं असतं आणि नेमकी त्याच दिवशी आरटीओत पक्क्या लायसन्सची चाचणी येते. किंवा ठेकेदार त्या दिवशी सुट्टी देत नाही. अशा वेळी आपली पोरं काय करतात? तारीख बुडवतात, मग एजंटला गाठतात आणि तो सांगेल ती रक्कम निमूट मोजतात. वर म्हणतात, "आपल्याला कुठं जमणार ते?"

मित्रांनो, इथंच मला बोलायचं आहे.

चाचणीची घेतलेली वेळ आपल्याला स्वतः रद्द करता येते. 'सारथी' पोर्टलवर अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाका, मोबाईलवर आलेला ओटीपी भरा, जुनी वेळ रद्द करा आणि मोकळी असलेली दुसरी तारीख घ्या. मग अडतं कुठं? पुष्कळदा अर्ज भरतानाच मोबाईल नंबर एजंटचा टाकलेला असतो. ओटीपी ज्याच्या हातात, अर्ज त्याच्या हातात. आपलं नाव, आपला फोटो, आपली फी, आणि मालक तिसराच!

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? गोष्ट एवढीशी नाही. शिकाऊ लायसन्स ६ महिनेच चालतं आणि त्यातले पहिले ३० दिवस पक्क्यासाठी चाचणी देता येत नाही. उरलेल्या पाच महिन्यांत दोन तारखा बुडाल्या, एकदा नापास झालो (नापास झाल्यावर किमान ७ दिवस थांबावंच लागतं), की मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विनालायसन्स पकडलं तर कायद्यात ५,००० रुपये दंड आहे. डिलिव्हरी करणाऱ्या, टेम्पो चालवू पाहणाऱ्या पोरासाठी लायसन्स म्हणजे भाकरी आहे. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी असलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये केंद्राने काढली. म्हणजे अर्धवट शाळा सुटलेल्यांसाठी एक दार उघडलं. त्या दारात आता एजंट उभा आहे.

दुसरे म्हणतात, एजंटला पैसे दिले तर दिवसाची मजुरी तरी वाचते. हा हिशेब मी नाकारत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला दोन खाडे परवडत नाहीत. पण म्हणूनच तारीख आधी बदलायला शिकलं पाहिजे. मोबाईलवरच्या त्या कामासाठी खाडा पडत नाही. आपण सोडलेली वेळ दुसऱ्या एखाद्या गरजूला मिळते, हेही लक्षात ठेवा.

महाडचं तळं आठवा. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जाऊन पाणी प्यावं लागलं. आरटीओची रांग आणि चवदार तळं यांची बरोबरी मी करत नाही. पण धडा तोच आहे: वापरला नाही तर कागदावरचा हक्क कागदावरच राहतो.

सगळा दोष आपल्या पोरांवर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. पोर्टलवरची प्रत्येक पायरी सोप्या मराठीत हवी. तालुक्याच्या शिबिरात चाचणीच्या जागा वाढायला हव्यात. कष्टकऱ्यांसाठी सुट्टीच्या दिवशी चाचणी हवी. या मागण्या घेऊन परिवहन कार्यालयात निवेदन द्यायला हवं. सेवा वेळेत मिळत नसेल तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात अपिलाची तरतूद आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही आहे.

तोवर आपण काय करायचं? जयंतीला डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढा. विहारात किंवा वाचनालयात एक संगणक ठेवा आणि दर रविवारी दोन तास शिकलेल्या मुला-मुलींनी बसा. वस्तीतल्या कोणाचाही अर्ज भरून द्या, पण नंबर त्याचाच टाका. तारीख बदलायची असेल तर बटण त्यालाच दाबू द्या. पुढच्या वेळी तो दुसऱ्याला शिकवेल. नाहीतर उद्या आपणच नवे एजंट होऊ.

जय भीम! जय संविधान!