काळी गाडी आणि गॅरेजमधली धूळ

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, ‘‘नोकरीतून पै पै साठवून मागच्या दिवाळीत काळी गाडी घेतली. घराला गॅरेज आहे, पण शेजारी बांधकाम चालू असल्यानं गाडीवर रोज धुळीचा थर बसतो. मामंजी पहाटे उठून कोरड्या फडक्यानं ती लख्ख पुसतात. परवा उन्हात पाहिलं, तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे! धुळीनं रंग खाल्ला का हो?’’

नाही, भगिनी. धूळ नुसती बसून राहिली तर फारसं बिघडत नाही. ओरखडे पडतात ते ती कोरडी पुसल्यानं! हल्लीच्या गाड्यांच्या रंगावर लॅकरचा एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी. आणि धुळीत असते वाळू. तिचे कण पोलादी सुरीहूनही कठीण. फडकं फिरलं की हे कण त्या थरावर घासले जातात. पांढऱ्या गाडीवरही हे होतंच, पण दिसत नाही. काळ्या, गडद निळ्या रंगावर मात्र प्रत्येक ओरखडा उन्हात चमकतो.

तेव्हा पहिली गोष्ट, रोजचं कोरडं पुसणं आजपासून बंद. पिसांचा झाडूही नको.

दुसरी, धूळ मुळातच कमी करा. पुष्कळदा ती बाहेरून येते तितकीच गॅरेजच्या जमिनीतूनही उठते. सिमेंटचा कोबा जुना झाला की त्याची पूड सुटते. त्यावर फरशीचा रंग लावून घ्या किंवा फरशी बसवा. केर काढायचा तो गाडी बाहेर असताना, आणि आधी पाण्याचा हलका सडा शिंपडून. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी ठोका. छताचा गिलावा झडत असेल तर तो आधी दुरुस्त करा.

तिसरी गोष्ट, धुण्याची रीत. इंजिन गार झालं की आधी नळीनं वरून खाली भरपूर पाणी सोडा. बरीचशी माती हात न लावताच वाहून जाते. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं मऊ फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा. कपड्यांची पावडर नको, तिनं मेण निघून जातं. चाकांचं फडकं वेगळं ठेवा. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावू नका. शेवटी पाणी टिपून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग राहतात.

चौथी, आच्छादन. जुन्या सुती साड्या जोडून छान शिवता येतं. जरीचे काठ आणि हूक-बटणं मात्र काढून टाका. ते धुतलेल्या, कोरड्या आणि गार गाडीवरच घालायचं. धुळकट गाडीवर घातलं तर ते फडक्याचंच काम करील! दोघांनी दोन बाजूंनी धरून अलगद पसरा आणि काढताना धूळ आत राहील अशी घडी घाला. फरफटत ओढू नका. अधूनमधून धूत जा.

आता पडलेले बारीक ओरखडे चांगल्या कारागिराकडून पॉलिश करून कमी होतात. पण पॉलिशनंही लॅकर थोडं झिजतं. म्हणून आधी सवय बदला, मग एकदाच पॉलिश करा.

राहता राहिला अवघड प्रश्न, मामंजींना सांगायचं कसं? ‘तुमच्यामुळे गाडी खराब झाली’ असं चुकूनही म्हणू नका हं! सुनेनं स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली, याचं कौतुक त्या फडक्यात आहे. त्यांच्या हातचं काम काढून घेऊ नका, नुसतं बदला. सकाळचा सडा आणि केर त्यांच्याकडे द्या. रविवारी दोघं मिळून गाडी धुवा. नळी त्यांच्या हाती, फडकं तुमच्या. ओरखडे पडायचे थांबतील आणि मामंजींची पहाटही रिकामी राहणार नाही.