हरणानं खाल्लं ते मोजा, नाहीतर माहुल आहेच



बोरिवलीच्या नॅशनल पार्कला लागून मोठ्या सोसायट्या आहेत. तिथल्या बागेतलं झाड हरणानं ओरबाडलं तर फोटो निघेल, जाळी लागेल. पण पार्कातल्या पाड्यावर चितळांचा कळप एका रात्रीत भात, काकडी, दुधीचे वेल खाऊन गेला, तर पहिला प्रश्न येतो, "जमीन कुणाच्या नावावर?" म्हणजे हरणाची भूक खरी, आमची खोटी!

आमचं हरणाशी भांडण नाही. वाघोबाला पुजणारी माणसं आम्ही. भांडण आहे ते कागदाशी.

2010 चा शासन निर्णय म्हणतो : हरणानं, रानडुकरानं पीक खाल्लं तर भरपाई मिळेल, तक्रार तीन दिवसांच्या आत करा. आणि त्याच कागदात पुढं लिहिलंय : वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या शेतीला भरपाई नाही. पार्कची हद्द पडली त्याच्या आधी पाडे होते. मग अतिक्रमण कुणी केलं?

2006 चा वनहक्क कायदा सांगतो : जो आदिवासी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसतो, त्याचा हक्क आहे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत त्याला उठवता येत नाही. पट्टा हातात आला की भरपाई नाकारायला 'अतिक्रमण' हा शब्द उरत नाही.

म्हणून साहेबाची वाट बघू नका. नुकसान झालं की सकाळीच पाच जण शेतात जा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते पाला ओढून तोडतं, टोक फाटकं राहतं. सशानं खाल्लेलं सुरीनं कापल्यासारखं असतं. डुक्कर माती उकरतं. खूर, लेंड्या बघा. शेतात पाच ठिकाणी दहा-दहा रोपं मोजा, किती खाल्ली ते लिहा. तारीख, सह्या, अंगठे घ्या. तक्रारीची पोच मागा.

हा कागद 2005 च्या आधीचा पुरावा नाही. त्याला म्हाताऱ्यांचे जबाब, जुने बांध, विहिरी लागतात. पण आज आपण कसतो, हे तो सांगतो. दोन्ही दाव्याला जोडा.

कागद नसला तर काय होतं? तानसाचं पाणी शहापूरच्या आपल्या मुलखातून मुंबईला जातं. त्या पाइपलाइनलगत राहणाऱ्यांची घरं पाडली आणि त्यांना माहुलला पाठवलं, रिफायनऱ्यांच्या शेजारी. माहुलची हवा तब्येतीला घातक आहे, असं हरित न्यायाधिकरणानं 2015 मध्येच म्हटलं होतं. तरीही पाठवलं! पाड्यावरच्या माणसालाही "फ्लॅट देतो, ऊठ" म्हणतात. फ्लॅटमध्ये हरीण येत नाही, हे खरं. पण तिथं भातही पिकत नाही.

हरीण राहील, आम्हीही राहू. येत्या ग्रामसभेत नुकसानीची वही उघडा!

जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!