समजून घ्या : किल्लारीच्या भूकंपाला कारण एकच होतं का?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. तीव्रता ६.२. हजारो बळी गेले. जवळच माकणीत तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण. ‘धरणामुळेच भूकंप झाला का?’ यावर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद झाले.

पण हानीचं कारण एवढंच शोधून चालत नाही. बहुतेक माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली दबून गेली. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती. शिवाय वेळ साखरझोपेची. भूगर्भ, घरं आणि वेळ एकत्र आले, म्हणून इतकी हानी झाली. संशोधनात यालाच गुंतागुंत म्हणतात.

पुनर्वसनाचंही तसंच. ५२ गावं नव्या जागी वसवली. बांधलेली घरं मोजता येतात. पण शेत किती लांब गेलं? गोठा कुठे? जुने शेजारी तुटले का? नंतर वाढवलेली खोली भूकंपात टिकेल का?

‘किती घरं बांधली?’ एवढंच विचारणारी पाहणी अपुरी आहे. त्या घरांत लोक कसे राहतात, हेही सरकारने तपासायला हवं. नाहीतर पुढच्या आपत्तीत जुनीच चूक नव्या भिंतींत सापडेल.