आधी दात, मग दाम

आमच्या घरी बैल घ्यायचा ठरला, की वडील सकाळच्या एस.टी.ने तालुक्याच्या बाजाराला निघतात. एकटे कधी जात नाहीत. गावातली दोन जाणती माणसे बरोबर घेतात. बाजारात गेल्यावर किंमत विचारण्याची घाई करीत नाहीत. आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतात. दुदाती आहे, चौदाती आहे, की दात जुळून वय झाले आहे, ते ठरवितात. मग खांद्यावरून हात फिरवितात, खूर पाहतात, चालवून पाहतात, जमले तर जुंपूनही पाहतात. आणि शेवटी मालकाला एकच प्रश्न विचारतात, “कामून इकायलाव?” या प्रश्नाचे उत्तर देताना जो अडखळला, त्याचा बैल कितीही देखणा असला तरी वडील पुढच्या दावणीकडे वळतात.

हे सारे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आणि तरीही गेल्या वर्षी मी १४,५०० रुपये अशा एका कॅमेऱ्यासाठी घालविले, की ज्याचे दात मी पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर तो कॅमेराच त्या माणसाजवळ नव्हता. वार्षिकांकात आपली फजिती छापून घेण्याची हौस कोणालाच नसते. परंतु ही फजिती केवळ माझी नाही, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा थोरला भाऊ लग्नसराईत फोटो काढतो. त्याच्याजवळ स्वतःचा कॅमेरा नव्हता. प्रत्येक लग्नाला तो भाड्याने आणायचा आणि मिळकतीतला मोठा वाटा भाड्यातच जायचा. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा घरात विचार झाला, की जुना का होईना, पण स्वतःचा कॅमेरा घ्यावा. नवा आमच्या आवाक्याबाहेरचा होता. हे काम माझ्याकडे आले. कारण काय, तर आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला!

मी मोबाइलवर शोध सुरू केला. जुन्या वस्तूंच्या एका बाजारपेठेवर हवा तसा कॅमेरा बाजारभावाच्या निम्म्या किमतीत दिसला. विकणाऱ्याने आपण फौजी असल्याचे सांगितले, बदली झाली म्हणून विकतो आहोत असे कळविले आणि गणवेशातला फोटो असलेले ओळखपत्र पाठविले. आमच्याकडे पहाटे रस्त्याने भरतीसाठी धावणारी मुले रोज दिसतात. फौजी म्हटल्यावर संशय घेणे मला पाप वाटले. आधी ४,५०० रुपये आगाऊ मागितले. मग पार्सल छावणीबाहेर काढण्याच्या परवान्यासाठी ५,०००, तेही परत मिळणार म्हणून. मग विम्याचे आणखी ५,०००. चौथ्यांदा मागणी आली तेव्हा माझे डोळे उघडले. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्याने मी विचारण्याआधीच देऊन ठेवले होते, हे मला फार उशिरा कळले.

यापुढची गोष्ट मला अधिक लाजिरवाणी वाटते. मी नऊ दिवस कोणाला काही बोललो नाही. ‘कॉलेजात शिकतोस ना?’ हा एक प्रश्न कोणी विचारू नये, एवढ्यासाठी मी गप्प राहिलो. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार नोंदविण्यासाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलही आहे. तक्रार लगेच नोंदली, तर पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी बँकेमार्फत थोपविता येण्याची शक्यता असते. हे मला दहाव्या दिवशी, भावाला सगळे सांगितल्यावर समजले. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. पहिले चौदा हजार त्या माणसाने नेले असतील. पण ते परत मिळण्याची आशा माझ्या लाजेने घालविली.

आता कुणी म्हणेल, ‘असल्या भानगडीत पडावेच कशाला? दुकानात जावे आणि घ्यावे.’ सूचना योग्य आहे, परंतु ती शहरातल्या माणसासाठी आहे. मुंबईच्या फोर्ट भागात, बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानेच दुकाने आहेत म्हणतात. परभणीहून तिथे जायचे तर एक रात्र गाडीत काढावी लागते. जिंतूरच्या, पालमच्या किंवा सोनपेठच्या मुलाला पुण्यातल्या एखाद्या छायाचित्रकाराची जुनी लेन्स परवडणाऱ्या दरात मिळू शकते, ती या मोबाइलमुळेच. बाजार दूर असल्यामुळे आपल्या पिढ्या मागे राहिल्या. आज बाजार हाताशी आला असताना त्याच्याकडे पाठ फिरविणे हा शहाणपणा नव्हे. प्रश्न आहे तो या बाजारात कसे वागावे, हा.

याचे उत्तर शोधताना मला पुन्हा बैलबाजारच आठवला. आपण समजतो, की जुन्या काळी माणसे प्रामाणिक होती म्हणून बाजार सुरळीत चालत. हा भाबडेपणा आहे. उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत आजोबा सांगत. भाव काय ठरला ते दोघांना कळे, आणि मधला दलाल शेतकऱ्याला कसे बनवी ते कोणालाच कळत नसे. धान्याच्या अडतीतही हीच हत्ता पद्धत होती. ती माणसांचे मन पालटून गेली नाही. हैदराबाद संस्थानात १९३० साली शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा झाला, पुढे महाराष्ट्राने १९६३ साली आपला कायदा केला. उघड लिलाव, प्रमाणित वजनमापे, विक्रीची पट्टी, परवानाधारक अडत्या हे सारे नियमाने आले. आजही तक्रारी आहेतच, नाही असे नाही. परंतु तक्रार करायला हातात पट्टी तरी असते. बाजारातला विश्वास असा नियमांनी आणि चार माणसांच्या देखत उभा राहिला आहे.

मोबाइलवरच्या बाजारात उपरण्याखालचा तोच हात परत आला आहे. जाहिरात सर्वांसमोर असते, परंतु पुढचे बोलणे खाजगीत होते. भाव दोघांनाच माहीत, पैसे दोघांनाच माहीत, आणि फसल्यावर रडणारा एकटाच. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की फसलेल्याला मूर्ख म्हणण्याआधी आपण त्याला कोणत्या बाजारात एकटे सोडले होते, याचा विचार करावा. आणि या बाजारालाही आपणच नियम लावावेत.

पहिला नियम वडिलांचाच : आधी दात, मग दाम. वस्तू हातात घेतल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही. कॅमेऱ्याचे दात म्हणजे त्याच्या शटरची उघडझाप. प्रत्येक फोटोमागे शटर एकदा झिजते. निकॉनचा डी ७५० हा कॅमेरा १,५०,००० उघडझापींच्या चाचणीस उतरलेला आहे, तर डी ८५० हा २,००,०००. याचा अर्थ तेवढ्यावर तो बंदच पडतो असे नाही, परंतु वयाचा अंदाज येतो. निकॉनचे बहुतेक कॅमेरे हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदवून ठेवतात. ताजा फोटो काढून संगणकावर तो पाहता येतो. सर्वच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत तो इतका सहज सापडत नाही. तेव्हा विकणाऱ्याला विचारावे आणि कॅमेऱ्याची झीज डोळ्यांनी पाहावी.

लेन्सला बुरशी लागते, हे मला ठाऊकच नव्हते. दमट हवेत बंद पेटीत पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि वेळीच काढले नाहीत, तर काचेवरचा लेप खातात. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहिले की ते दिसतात. तसेच लेन्सचे तोंड अगदी लहान करून, एफ १६ किंवा एफ २२ वर, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. संवेदकावर घाण असेल तर काळे ठिपके उमटतात. बॅटरी फुगलेली आहे का, बटणे दबतात का, आपोआप फोकस होतो का, कार्डावर फोटो उतरतो का, हे सारे म्हणजे बैलाला जुंपून पाहण्यासारखे आहे.

दुसरा नियम मालकीचा. आता जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. कॅमेऱ्यालाही असा अनुक्रमांक असतो. तो बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे विकणाऱ्याजवळ जी मालकी नाही, ती घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीचा कॅमेरा पैसे मोजून घेतला तरी तो आपला होत नाही. आणि चोरीचा आहे हे जाणून घेतला, तर तो गुन्हाच आहे. म्हणून व्यवहार झाल्यावर दोन ओळींची चिठ्ठी लिहावी. तीत वस्तू, अनुक्रमांक, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात.

तिसरा नियम विकणाऱ्याच्या रक्षणाचा, कारण विकणाराही नागवला जातो. पैसे मिळण्यासाठी आपला यू.पी.आय. पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. ‘हे चित्र स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असे सांगणारा ठग समजावा. पैसे पाठविल्याचे चित्र दाखविले तरी, आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः पाहिल्याशिवाय वस्तू हातची सोडू नये.

चौथा नियम मात्र आपल्या सर्वांसाठी आहे. आपल्या महाविद्यालयात जुने मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरे, अगदी पुस्तकेसुद्धा विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरील गटांतून विकली जातात. या गटांना नियम का असू नयेत? विकणाऱ्याने वस्तूशेजारी आजची तारीख व आपले नाव लिहिलेला कागद ठेवून फोटो टाकावा. किंमत उघड सांगावी. वस्तूतला दोष आधी आपणच लिहावा. व्यवहार शक्यतो महाविद्यालयाच्या ग्रंथालयासमोर, दिवसाउजेडी, मित्राच्या देखत व्हावा. आणि कोणी फसला, तर त्याने त्याच तासाला सांगावे आणि ऐकणाऱ्याने हसू नये. प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे, की प्रथम वर्षाच्या स्वागत समारंभात हार-तुऱ्यांबरोबर १९३० हा क्रमांकही फळ्यावर लिहावा. आमच्यापैकी अनेकांच्या घरात या गोष्टी सांगणारे कोणी नाही. आम्हीच घरातले जाणते. आणि जाणत्याला ‘मला कळले नाही’ असे म्हणण्याची सोय नसते.

आमच्या कॅमेऱ्याचे पुढे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. चार महिन्यांनी नांदेडच्या एका छायाचित्रकाराचा डी ७५० विकायचा असल्याचे भावाच्या ओळखीतून कळले. आम्ही दोघे निघालो, तर वडीलही डोक्याला रुमाल बांधून तयार! मला मनातून संकोच वाटला. कॅमेऱ्यातले त्यांना काय कळणार?

त्या गृहस्थांच्या घरी भावाने आकडा काढला. ६८,००० च्या आसपास होता. मी भिंतीचा फोटो काढला, लेन्समध्ये बॅटरी धरली, बिलावरचा क्रमांक ताडला. सगळे ठीक होते. मी पैशांचे बोलणार, एवढ्यात वडिलांनी चहाची कपबशी खाली ठेवून विचारले, “कामून इकायलाव, मालक?”

ते गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, “नवा घेतला काका. हा चांगला आहे, पण एक सांगायचं राहिलं. कार्डाच्या दोन खणांपैकी दुसरा खण कधीकधी कार्ड ओळखत नाही.”

तो दोष आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. त्यांनी आपण होऊन दोन हजार कमी केले आणि चिठ्ठीवर दोषही लिहून दिला. परतीच्या गाडीत कॅमेऱ्याची पिशवी वडिलांनी मांडीवर धरली होती. पूर्णा स्टेशन गेल्यावर ते एवढेच म्हणाले, “मागच्या बारीला मला सांगितलं आसतं, तर म्याबी आलो आसतो.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. चौदा हजारांबद्दल त्या दिवसापर्यंत ते एक शब्दही बोलले नव्हते.